स्टॉप-मोशन सुचवायची कशी: कुणाला, कोणती आणि कुठल्या क्रमाने

‘स्टॉप-मोशनमधलं काहीतरी चांगलं सांग ना’ असं कुणी म्हटलं की आपण पटकन एखादं नाव फेकतो, आणि तिथेच घोळ होतो. कारण स्टॉप-मोशन, म्हणजे वस्तू किंचित-किंचित हलवत एकेक फोटो काढून केलेला सिनेमा, या एका शब्दाखाली चार वर्षांच्या पोराला जेवताना लावून द्यायची पेंग्विनची मालिका येते आणि दारू, एकटेपणा, आत्महत्या यांवरचा दीड तासाचा सिनेमाही येतो. दोन्हींतल्या बाहुल्या मातीच्याच. पोस्टरवरून फरक कळत नाही. म्हणून नाव सांगण्याआधी समोरच्या माणसाची चौकशी करायची.

चार गोष्टी विचारल्या की काम भागतं. बघणाऱ्यांत सगळ्यात लहान कोण आणि किती वर्षांचं? हाताशी वेळ किती, दहा मिनिटं, अर्धा तास की पूर्ण संध्याकाळ? सबटायटल्स वाचायची तयारी आहे का? आणि चौथं, जे बहुतेकजण विचारतच नाहीत: कशाची भीती वाटते? अंधाराची, आई दुरावण्याची, की सांगाड्यांची? स्टॉप-मोशनमध्ये या तिन्हींची रेलचेल आहे. निर्जीव वस्तू हलताना बघणं मुळातच थोडं भुताटकीचं असतं आणि चांगले दिग्दर्शक त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

आधी बघितलेल्यापासून सुरुवात करा

‘मी असलं काही बघितलेलं नाही’ म्हणणाऱ्याला ‘तारे जमीं पर’ (२००७) आठवायला सांगा. त्याची मातीतली नामावली धिमंत व्यास यांनी केली होती. पुढे ‘शॉन द शीप’ या ब्रिटिश मालिकेवरही त्यांनी काम केलं. म्हणजे समोरच्याने स्टॉप-मोशन पाहिलेली असते, तिला नाव दिलेलं नसतं.

मग रीत दोन वाक्यांत सांगा, जास्त नको. बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा फोटो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) पळतो. प्रत्येक चौकटीसाठी नवा फोटो घेतला तर एका मिनिटाला १४४० फोटो लागतात, आणि एकेक फोटो दोन-दोन चौकटींना वापरला तर ७२०. या दोन पद्धतींना धंद्यात ‘वन्स’ आणि ‘टूज’ म्हणतात. टूजवर हालचाल जराशी तुटक दिसते, आणि पुष्कळांना तीच आवडते. ‘माती’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शाडू येतो, तर तेवढा खुलासा करावा. शाडू वाळतो आणि तडकतो. इथे तेल-मेण मिसळलेली, कधीच न वाळणारी प्लॅस्टिसिन असते. तापलेल्या दिव्यांखाली ती मऊ पडते आणि ॲनिमेटरच्या बोटांचे ठसे धरून ठेवते.

पहिली संध्याकाळ

समोरचा मोठा असो की लहान, वेळ अर्धा तास असेल तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: ‘द राँग ट्राउझर्स’ (१९९३). दिग्दर्शक निक पार्क, स्टुडिओ ब्रिस्टलचा आर्डमन. वॉलेस हा चीजवेडा संशोधक, ग्रोमिट हा त्याचा कुत्रा आणि घरात भाड्याने राहायला आलेला एक पेंग्विन. हीच का, तर यात तंत्राची सगळी ताकद एका ठिकाणी दिसते आणि गोष्ट मात्र साध्या चोरीची आहे.

बघणाऱ्याला आधी फक्त एवढंच सांगा: ग्रोमिटच्या भुवयांवर नजर ठेव. ग्रोमिटला तोंडच नाही. तो बोलत नाही, हसत नाही, भुंकत नाही. डोळ्यांवरची मातीची एक वळकटी अर्धा मिलिमीटर खाली ओढली की तो वैतागतो, आतल्या बाजूने उचलली की त्याला वाईट वाटतं. पेंग्विनकडे तर तेवढंही नाही. काळ्या मण्यांसारखे दोन डोळे आणि एक चोच, बस. तो नुसता उभा राहतो, मान सावकाश वळवतो आणि थांबतो. ते थांबणंच अंगावर येतं. शेवटी खेळण्यातल्या रेल्वेवरचा पाठलाग आहे, त्यात ग्रोमिट धावत्या गाडीवर बसून पुढचे रूळ टाकत जातो. मागची भिंत कशी पुसट पळते ते बघा. शटर उघडं ठेवून गाडी आणि कॅमेरा एकत्र सरकवल्याने ती फोटोतच पुसट आली आहे.

हे आवडलं तर मालिका क्रमाने बघायची गरज नाही. ‘अ क्लोज शेव्ह’ (१९९५) दुसरी घ्या. शॉन हे कोकरू पहिल्यांदा तिथेच येतं. ‘अ ग्रँड डे आउट’ (१९८९) सगळ्यात आधीची खरी, पण ती निक पार्क यांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेली, आणि तिचा कच्चेपणा दिसतो. दोन चांगल्या बघून जीव जडल्यावर ती गोड वाटते, पहिलीच दाखवली तर संथ वाटते. २०२४ च्या ‘व्हेंजन्स मोस्ट फाउल’मध्ये तोच पेंग्विन परत येतो, त्यामुळे ‘राँग ट्राउझर्स’ न बघता ती लावण्यात अर्थ नाही.

लहान मुलं घरात असतील तर

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना ‘पिंगू’. स्विस मालिका, १९९० पासूनची, एकेक भाग पाचेक मिनिटांचा. पेंग्विन स्वतःच्याच बडबडीच्या भाषेत बोलतात, त्यामुळे मराठी, इंग्रजी, कोकणी, कुठल्याही घरात डबिंगचा प्रश्न येत नाही. आजी-आजोबांनाही हीच चालते. पाच ते आठला ‘शॉन द शीप’ (२००७ पासून), सात मिनिटांचा भाग, संवाद नाहीत, शेतकरी नुसता गुरगुरतो. या वयाला एका बैठकीला दोन भाग पुरे. सलग पाच लावले तर विनोदाची चाल ओळखीची होते आणि मूल उठून जातं.

दहा मिनिटांची एकच काहीतरी सुंदर गोष्ट हवी असेल तर रोमान काचानोव यांची सोव्हिएत ‘वारेझ्का’ (१९६७). नावाचा अर्थ हातमोजा. मुलीला कुत्र्याचं पिल्लू हवंय, आई नाही म्हणते, आणि मुलीचा लाल विणलेला मोजा पिल्लू होऊन तिच्यामागे चालू लागतो. एकही शब्द नाही. नुसता लोकरीचा मोजा शेपूट हलवतो आणि पाच वर्षांच्या मुलालाही काय घडतंय ते कळतं.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे ‘कोरलाइन’ (२००९). निळ्या केसांची मुलगी आणि काळी मांजर बघून पालक सहा वर्षांच्या मुलांना लावून देतात. त्यात मुलीला दुसरी, जास्त प्रेमळ आई भेटते, तिच्या डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली असतात, आणि ती मुलीचेही डोळे शिवायला बघते. सहा वर्षांच्या मुलाला भुताची भीती नसली तरी आई बदलण्याची असते, म्हणून रात्री झोप उडते. आमच्या मते नऊच्या आत नको, आणि नऊलाही कुणीतरी शेजारी बसलेलं बरं. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ (१९९३) दिसायला जास्त भयानक पण आतून मवाळ आहे, ती सातला चालते.

त्या ‘नाइटमेअर’वरून एक दुरुस्ती. पोस्टरवर टिम बर्टन यांचं नाव मोठं आहे, गोष्ट आणि पात्रंही त्यांची, पण दिग्दर्शक हेन्री सेलिक. हा फक्त माहितीचा मुद्दा नाही, पुढचं सुचवताना याचाच उपयोग होतो. कुणाला ‘नाइटमेअर’मधली हालचाल, तो सडपातळ जॅक, त्याची सुमारे ४०० बदलती डोकी आवडली असतील, तर सेलिक यांचेच ‘जेम्स अँड द जायंट पीच’ (१९९६) आणि ‘कोरलाइन’ द्या. आणि उदास, करडा, स्मशानातला विनोद आवडला असेल तर बर्टन यांनी सहदिग्दर्शित केलेला ‘कॉर्प्स ब्राइड’ (२००५).

मोठ्यांसाठी

‘कार्टून मुलांचं असतं’ म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालू नका, ‘मेरी अँड मॅक्स’ (२००९) लावा. ऑस्ट्रेलियाच्या ॲडम एलियट यांचा. मेलबर्नमधली आठ वर्षांची मुलगी टेलिफोन डिरेक्टरीतून न्यूयॉर्कमधल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या अनोळखी माणसाचा पत्ता काढते आणि त्याला पत्र लिहिते. मेलबर्न सगळं तपकिरी, न्यूयॉर्क सगळं करडं. एका जगातून दुसऱ्यात गेलेली लाल गोंड्यासारखी वस्तूच तेवढी रंग घेऊन जाते. नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, सगळं उघड आहे. हे आधीच सांगा. घरात नुकतंच काही वाईट घडलं असेल तर हा सिनेमा सहा महिने पुढे ढकला.

वेळ कमी असेल आणि फ्रेंच सिनेमा सबटायटल्ससह चालत असेल तर ‘माय लाइफ ॲज अ झुकिनी’ (२०१६), फक्त ६६ मिनिटं. अनाथाश्रमातली मुलं, मोठाली डोकी, डोळ्यांभोवती लाल-निळी वर्तुळं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांबरोबर बसून बघता येईल असा, पण पहिल्या पाच मिनिटांतच आई जाते, तेव्हा मूल तुमच्या शेजारी बसलेलं असू द्या.

‘पिनोकिओ’ म्हटल्यावर २०२२ चा, गिलेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांचा. हा मुसोलिनीच्या इटलीत घडतो आणि मुलगा गमावलेल्या बापाच्या दुःखावर उभा आहे. यात एक गंमत बघण्यासारखी आहे. माणसांच्या बाहुल्यांचे चेहरे आतून यंत्राने हलतात, सिलिकोनच्या कातडीखाली बारीक यंत्रणा असते. पिनोकिओ मात्र लाकडाचा, म्हणून त्याचे कडक चेहरे एकेक काढून दुसरे बसवले आहेत. त्यामुळे माणसांचे गाल सरकतात आणि त्याचा चेहरा टकटक बदलतो. लाकडाचा पोर जिवंत माणसांत वेगळा का वाटतो, याचं अर्धं उत्तर या यांत्रिक फरकात आहे.

वेस अँडरसन यांचा ‘फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स’ (२००९) जवळपास कुणालाही चालतो. टूजवर काढलेला, आणि कोल्ह्याची लोकर चौकटीगणिक फुरफुरते. ॲनिमेटरचं बोट लागलं की केस हलतात. ते लपवता आलं असतं, मुद्दाम ठेवलं आहे. धूर कापसाचा, पाणी जेवण झाकायच्या पारदर्शक प्लॅस्टिकचं. पाणी, धूर आणि आग या तीन गोष्टी स्टॉप-मोशनला कायम जड जातात, कारण दोन फोटोंच्या मध्ये त्या जागच्या जागी थांबत नाहीत. कुठलाही चित्रपट बघताना ‘यांनी पाण्याचं काय केलं’ हा प्रश्न विचारला की दिग्दर्शकाचा स्वभाव कळतो. काहीजण कापूस-प्लॅस्टिक बिनधास्त दाखवतात, काहीजण तेवढं संगणकावर करतात.

मारामारी आणि राक्षस आवडणाऱ्यांना

मार्व्हल बघून वाढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला १९३३ चा ‘किंग काँग’ पूर्ण बघायला बसवू नका, वीस मिनिटांत मोबाइल हातात येईल. आधी ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) मधली शेवटाकडची लढाई दाखवा. तीन माणसं विरुद्ध सात सांगाडे. रे हॅरीहाउसेन यांनी ही काही मिनिटांची लढाई एकट्याने साडेचार महिने हलवली. प्रत्येक चौकटीला सात बाहुल्या, प्रत्येकीचे हात, पाय, मान, आणि समोर आधीच चित्रित झालेल्या माणसांच्या तलवारींशी जुळणारी टक्कर. हा आकडा सांगून मग दृश्य लावा, पोरगं गप्प बसून बघतं.

त्यानंतर ‘काँग’. हॅरीहाउसेन तेरा वर्षांचे असताना त्यांनी तो थिएटरात पाहिला आणि आयुष्य त्याच वाटेला लावलं, हा दुवा सांगितला की जुन्या चित्रपटाला संदर्भ मिळतो. विलिस ओब्रायन यांच्या काँगच्या सशाच्या कातडीवरही बोटांमुळे केस थरथरतात. इथे ते अपघाताने झालं होतं, पण बघणाऱ्याला वाटतं की जनावर रागाने फुललंय.

जपून सुचवायच्या

यान श्वांकमायेर यांची ‘ॲलिस’ (१९८८) नावावरून बालकथा वाटते. त्यातला ससा पेंढा भरलेला खराखुरा ससा आहे आणि त्याच्या फाटक्या पोटातून भुसा सांडत राहतो. कलेची आवड असलेल्या मोठ्या माणसालाच द्या. नॉर्मन मॅक्लॅरेन यांची आठ मिनिटांची ‘नेबर्स’ (१९५२) बाहुल्यांऐवजी जिवंत माणसांना चौकटी-चौकटीने हलवते. दोन शेजारी एका फुलावरून भांडतात. सुरुवात इतकी हलकीफुलकी आहे की शिक्षक ती वर्गात लावतात आणि शेवटाकडे बायका-मुलांवरची हिंसा आल्यावर रिमोट शोधतात. आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. यिर्झी त्रन्का यांची ‘द हँड’ (१९६५) मात्र बिनधास्त सुचवा. एक कुंभार फुलझाडासाठी कुंड्या करतोय आणि एक प्रचंड हात त्याच्याकडून हाताचेच पुतळे मागतोय. कुंभाराचा चेहरा एकदाही बदलत नाही. मानेचा कोन आणि प्रकाश बदलतो, तेवढ्यावर तो हसतो, घाबरतो, थकतो.

आपल्याकडचं

सुरेश एरियत यांची ‘टोकरी’ (२०१७) मुंबईची आहे. वडिलांचं जपलेलं घड्याळ मुलीच्या हातून फुटतं आणि दुरुस्तीच्या पैशांसाठी ती रस्त्यावर टोपल्या विकायला निघते. पंधराएक मिनिटांची ही फिल्म पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली, आणि ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा मान तिला विभागून मिळाला. मुंबईकराला ही पहिलीच दिली तरी चालेल. गर्दी, काचा वर करणाऱ्या गाड्या, सगळं हातभर उंचीच्या जगात पुन्हा बघताना वेगळं टोचतं.

इतिहासात रस असणाऱ्यांना दादासाहेब फाळके यांची ‘अंकुराची वाढ’ सांगा. भांडवल उभं करायला त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना दाखवलं, रोज एक चौकट या हिशेबाने महिनाभरापेक्षा जास्त काळ. याला टाइम-लॅप्स म्हणायचं, कारण रोप स्वतःच हलतं, माणूस हलवत नाही. पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यांनाच नाचवलं. ती बघायला मिळत नाही, त्यामुळे यादीत घालून कुणाला शोधायला लावू नका.

लावण्याआधी टीव्ही ठीक करा

ही पायरी गाळली तर वरची सगळी मेहनत वाया. हल्लीचे टीव्ही हालचाल गुळगुळीत करायला दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी बनवून घालतात. क्रिकेटला हे चालतं. टूजवरच्या स्टॉप-मोशनमध्ये मात्र टीव्ही गोंधळतो: एक चौकट स्थिर, पुढची एकदम सरकलेली, तो मध्ये अंदाजाने भर घालतो, आणि बाहुली पाण्यात पोहल्यासारखी दिसते, कडा चकाकतात. ‘हे संगणकावर केलंय ना?’ असं कुणी विचारलं तर बहुतेक वेळा हीच सेटिंग चालू असते. सोनीवर तिचं नाव ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सॅमसंगच्या नव्या टीव्हींवर ‘पिक्चर क्लॅरिटी’. पिक्चर सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं. शिवाय ‘नॉइज रिडक्शन’ही बंद ठेवा, नाहीतर मातीवरचे बोटांचे ठसे दाणे समजून पुसले जातात. दीडपट वेगाने बघायची सवय असलेल्यांना इथे तरी आवरा. ग्रोमिटची भुवई दीडपट वेगात दिसतच नाही.

खरी की तशी दिसणारी?

‘द लेगो मूव्ही’ (२०१४) पूर्ण संगणकावरची आहे, हालचाल मुद्दाम तुटक ठेवलेली. आर्डमनचीच ‘फ्लश्ड अवे’ (२००६) सुद्धा संगणकावरची, कारण गटारातल्या गोष्टीत पाणी सगळीकडे आणि प्लॅस्टिसिनला पाणी सोसत नाही. दोन्ही चांगल्या आहेत, फक्त ‘हाताने केलेलं दाखवतो’ म्हणून लावू नका.

वन्स की टूज हे बघणाऱ्याला स्वतः मोजू द्या. संगणकावर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे जातं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये हेच काम ‘ई’ची कळ करते. प्रत्येक दाबाला बाहुली हलली तर वन्स, एकाआड एक हलली तर टूज. एक-एक-एक-दोन किंवा दोन-तीन-दोन-तीन असा विचित्र ठेका आला तर ॲनिमेटरला दोष देऊ नका. २४ चौकटींचा चित्रपट कुणीतरी ३० चौकटींच्या व्हिडिओत चढवलेला असतो आणि मधल्या चौकटी दुबार आलेल्या असतात. दुसरी प्रत शोधा.

शेवटची नामावलीही सुचवण्याचाच भाग आहे. लायका स्टुडिओच्या ‘द बॉक्सट्रोल्स’ (२०१४) मध्ये नामावली चालू असताना दोन पात्रं आपल्याला कुणीतरी हलवतंय का यावर गप्पा मारतात, कॅमेरा मागे येतो आणि त्यांना हलवणारा ॲनिमेटर भरभर इकडून तिकडे धावताना दिसतो. ॲप मात्र नामावली सुरू झाली की चित्र कोपऱ्यात ढकलून पुढचा सिनेमा सुचवायला लागतं. रिमोट हातात ठेवा आणि त्या छोट्या चौकोनावर लगेच ‘ओके’ दाबा.